‘नकुशी’चं नाव बदललं, जन्मनोंदींचं काय?

साताऱ्यात २२ ऑक्टोबर २०११ रोजी जिल्हा परिषदेच्या पुढाकाराने २८५ मुलींचं नव्याने नामकरण झालं. त्या दिवसापर्यंत या सगळ्या ‘नकुसा’ किंवा ‘नकुशी’ होत्या. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी सावित्री, कुणी वैशाली. हा उपक्रम योग्यच होता. शाळेत हजेरी घेताना रोज ‘तू नको होतीस’ हे चारचौघांत ऐकावं लागणं हा मुलीवरचा अन्याय आहे, आणि तो थांबवायला कुठल्याही मोठ्या सुधारणेची वाट पाहण्याची गरज नव्हती. मात्र हे नाव दिसेनासं झालं म्हणजे मुलगी हवीशी झाली, असं मानणं धोक्याचं आहे.

‘आपल्याकडे मुलांचीही नावं दगडू, धोंडू, भिकू ठेवतात, मग नकुशीचंच एवढं काय?’ असं विचारलं जातं. वरवर पाहता दोन्ही प्रथा सारख्या वाटतात, पण त्यांतला हेतू अगदी उलटा आहे. आधीची मुलं दगावलेली असत, म्हणून हे तरी जगावं, त्याला दृष्ट लागू नये, यासाठी बाळाला दगडू म्हणत. त्या ओबडधोबड नावामागे बाळ हवं असण्याची तळमळ होती. नकुशी हे नाव तिसऱ्या-चौथ्या मुलीला मिळायचं, ते आता तरी मुलगा व्हावा म्हणून. बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते. इथे कान या मुलीचा असला, तरी मागणं पुढच्या बाळासाठी असायचं. चीनमध्येही ‘धाकट्या भावाला घेऊन ये’ अशा अर्थाचं चाओदी हे नाव मुलींना दिलं जाई.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: नाव बदलून मानसिकता कुठे बदलते? हे खरंच आहे. नकुशी ही निदान जन्माला आलेली मुलगी. सोनोग्राफी यंत्र तालुक्याच्या गावी पोचल्यावर नको असलेल्या मुलीला नाव ठेवण्याची वेळच येईनाशी झाली. २००१च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे साताऱ्यात ८७८ आणि सांगलीत ८५१ मुली होत्या, राज्याची सरासरी ९१३ असताना. हे काही मागास जिल्हे नव्हेत. ऊस, साखर कारखाने, सहकार, महाविद्यालयं असं सगळं असलेला हा कृष्णाकाठ. सावित्रीबाई फुल्यांचं नायगाव याच सातारा जिल्ह्यातलं. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात सर्वांत आधी, १९८८ साली, महाराष्ट्राने कायदा केला. १९९४मध्ये केंद्राचा कायदा आला. तरीही मार्च २०१७मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला, गर्भपातादरम्यान दगावलेल्या एका विवाहितेच्या मृत्यूचा तपास करताना पोलिसांना ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. साताऱ्यातला नामकरणाचा कार्यक्रम होऊन तेव्हा साडेपाच वर्षं झाली होती. म्हणून शाळेच्या पटावर नकुशी उरली नाही, एवढ्यावर समाधान मानता येत नाही. पटावर एकूण मुली किती, हे मोजायला हवं.

आणि नामकरण तरी पूर्ण कुठे झालं? त्या कार्यक्रमात मुली होत्या. याच नावाने लग्न होऊन सासरी गेलेल्या, शेतात राबणाऱ्या प्रौढ बायकांचं काय? प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली जाहिरात, मग रेशनकार्ड, आधार, बँकेचं पासबुक या हेलपाट्यांत मजुरी बुडते. ‘आता याच नावाने सगळे ओळखतात, राहू दे’ असं एखादी म्हणाली, तर तो तिचा हक्क आहे. पण जिला बदलायचं आहे तिच्यासाठी तलाठी, ग्रामसेवक आणि शाळा यांनी गावातच शिबिर भरवून एका दिवसात कागद पुरे करावेत, तेही फुकट. तिच्या आईवडिलांनी ठेवलेलं नाव सरकारी वहीत उतरवताना कुणीही हात आखडता घेतला नव्हता.

सातारा-सांगलीतल्या वाचकांना एक विनंती आहे. येत्या ग्रामसभेत जन्मनोंदवही मागा. गेल्या वर्षी गावात मुलगे किती जन्मले आणि मुली किती, हे दोन आकडे सर्वांसमोर मोठ्याने वाचायला लावा.