नाव पहिलं माझं, पैसे दोघींचे

मागच्या महिन्यात धाकटी बहीण माहेरी आली होती. मुलं झोपल्यावर ती चहाचा कप हातात घेऊन हळूच म्हणाली, "आपा, कंपनीच्या कागदावर डिव्हिडंड चोवीस हजार लिहिलाय. मग माझे बारा व्हायला हवेत ना? तू साडेनऊच देतेस."

मला रागच आला. आधी तिचा आणि मग माझा स्वतःचा.

अब्बांनी हयातीतच त्यांच्याकडचे एका कंपनीचे शेअर आम्हा दोघी बहिणींना सारखे हिबा करून दिले होते. खातं दोघींच्या नावे आहे, पण मी थोरली म्हणून पहिलं नाव माझं. कंपनी पहिल्या नावाचंच पॅन बघते. वर्षाचे २४,००० रुपये माझ्या पॅनवर दिसतात आणि त्यातून १० टक्के टीडीएस, म्हणजे २,४०० रुपये, माझ्याच नावाने कापला जातो. मी ज्यांच्याकडून रिटर्न भरून घेत असे त्यांनी सांगितलं, "मॅडम, तुमच्या पॅनवर आहे, सगळं तुमचंच दाखवा." मी दाखवलं. पगारामुळे मी २० टक्क्यांच्या टप्प्यात येते, सेस धरून २०.८. धाकटीच्या बारा हजारांवर २,४९६ रुपये कर बसला. तो कापून तिच्या हातात ९,५०४ ठेवत आले. आपण चोख हिशेब ठेवतो असा समज होता माझा!

आता हे नीट बघू. २०२०च्या मार्चपर्यंत भारतीय कंपन्या लाभांशावरचा कर स्वतःच भरून उरलेली रक्कम देत, त्यामुळे आपल्यासारख्यांना त्याची फारशी फिकीर नव्हती. १ एप्रिल २०२० पासून लाभांश भागधारकाच्या उत्पन्नात धरला जातो आणि ज्याच्या त्याच्या दराने कर लागतो. एका कंपनीकडून वर्षाला ५,००० रुपयांच्या वर लाभांश मिळाला की टीडीएस कापला जाई. एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा १०,००० झाली.

पण टीडीएस कोणाच्या नावाने कापला, यावरून उत्पन्न कोणाचं हे ठरत नाही. उत्पन्न मालकाचं. शेअर निम्मे माझे असतील तर निम्मा लाभांश माझा, निम्मा तिचा, खात्यावर नावं कोणत्याही क्रमाने असोत. माझी धाकटी घरी शिवणकाम करते, तिचं उत्पन्न कराच्या जवळपासही जात नाही. तिच्या बारा हजारांवर कर शून्य होता. उलट कापलेले १,२०० रुपये तिला परत मिळायला हवे होते.

यासाठी २०२५ मध्ये नियम ३७बीबी नव्हे, ३७बीए होता (एका अक्षराने मी एक दुपार घालवली). पहिल्या नावाच्या व्यक्तीने कंपनीला लेखी कळवायचं की या लाभांशाचा अमुक हिस्सा अमुक व्यक्तीचा आहे. तिचं नाव, पत्ता, पॅन आणि कारण द्यायचं. मग तेवढा टीडीएस तिच्या नावावर जातो. लाभांश जाहीर झाला की कंपन्या ईमेलने मुदत कळवतात. तो ईमेल आपण न वाचता पुसून टाकतो, निदान मी तरी टाकत असे. रिटर्नमध्येही, म्हणजे आयटीआर-२ मध्ये, टीडीएसचा भाग दुसऱ्याच्या पॅनवर दाखवायला रकाना आहे. वार्षिक माहितीपत्रकात, ज्याला एआयएस म्हणतात, 'ही माहिती दुसऱ्या पॅनची आहे' असा अभिप्राय नोंदवता येतो. गोव्याच्या वाचकांनी वेगळं लक्षात ठेवावं. तिथल्या समाईक मालमत्तेच्या कायद्याखालच्या नवरा-बायकोत पगार सोडून बाकीचं उत्पन्न निम्मं-निम्मं धरलं जातं.

आणि कर वाचवायला म्हणून बायकोच्या किंवा सुनेच्या नावावर शेअर बक्षीस देऊ नका. तो लाभांश देणाऱ्याच्याच उत्पन्नात मोजला जातो. सज्ञान मुलीला दिलेल्याला हे लागू नाही, म्हणून आमचं ठीक होतं.

खरी कुचंबणा होते ती वारशात. अब्बांचा इंतकाल झाला, शेअर त्यांच्या आणि थोरल्या भावाच्या नावावर होते, पैसे सगळे अब्बांचेच. आता लाभांश भावाच्या खात्यात येतो, आणि बहिणीने विचारलं की उत्तर मिळतं, "त्यावर कर मी भरतो." अहो, कर भरल्याने कोणी मालक होत नाही. नामांकनानेही होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शेअरच्याच खटल्यात स्पष्ट केलं आहे. नॉमिनी केवळ सांभाळणारा, वाटप वारसाहक्काच्या कायद्याने. समजा मागे अम्मी, एक मुलगा आणि दोन मुली आहेत आणि लाभांश ३२,००० आला. अम्मीचा आठवा हिस्सा ४,०००, मुलाचे १४,००० आणि प्रत्येक मुलीचे ७,०००. प्रत्येकाने आपापलं उत्पन्न आपापल्या रिटर्नमध्ये दाखवायचं. भावावरचा कराचा बोजाही त्यानेच हलका होतो, हे त्याला सांगून बघा.

आमच्याकडे २०२५चं रिटर्न अजून भरायचं होतं, मुदत १५ सप्टेंबरपर्यंत वाढली होती. मी माझे १२,००० दाखवले, धाकटीचे तिच्या नावाने. कंपनीच्या रजिस्ट्रारकडे पत्र गेलं. मागच्या तीन वर्षांत कापलेले सुमारे साडेसात हजार मी माझ्या पगारातून तिला दिले. ती घेईना. म्हणाली, "तू सरकारला भरलेस, स्वतः थोडेच खाल्लेस?" मी म्हटलं, तुझे न विचारता भरले ना.

घेतले शेवटी. त्यातले हजार लगेच गेले, कारण तिचं पॅन आधारशी जोडलेलंच नव्हतं, आणि तसं पॅन असलं की परतावा अडकतो.