मालकांचे मत

'मालक' हा आपल्या मराठीतला मोठा सोयीचा शब्द आहे. दुकानाचा तो मालक, घराचा तो मालक आणि जुन्या बायकांच्या तोंडी नवराही 'आमचे मालक'च. या तिन्ही मालकांत एक गुण समान असतो. आपण घेतलेल्या वस्तूविषयी त्यांचे मत फार चांगले असते. मला आज या मताविरुद्ध लिहायचे आहे, आणि तेही ऐन दिवाळीत, कारण धनत्रयोदशीला आणि पाडव्याला घरोघर नवी यंत्रे येतात, आणि ती आणण्यापूर्वी जो तो विचारीत सुटतो, "ज्यांनी घेतलंय, त्यांचं मत काय?" माझे म्हणणे असे की, आवाज करणाऱ्या यंत्राबाबत ज्याने ते घेतले त्याच्या मताइतके निरुपयोगी मत दुसरे नाही.

हे मी बाहेर उभी राहून बोलत नाही. मीरा रोडच्या पूनम सागर भागात आमचे दोन खोल्यांचे घर आहे आणि गेल्या धनत्रयोदशीला या घरात होम थिएटरचा रिसीव्हर आला. ज्यांच्याकडे हे प्रकरण अजून पोचलेले नाही त्यांच्यासाठी सांगते. रिसीव्हर म्हणजे टीव्हीखाली ठेवायची एक जड पेटी. सिनेमाचा आवाज ती घेते, त्याचे वाटे करते, वाढवते आणि खोलीभर मांडलेल्या पाच स्पीकरांकडे व जमिनीवरच्या सबवूफर नावाच्या ठोकळ्याकडे पाठवते. याला '५.१' म्हणतात. त्यातला पूर्णांक पाच स्पीकरांचा आणि दशांश त्या ठोकळ्याचा. ऐकू येतो तो मात्र दशांशच जास्त!

पेटी घेण्यापूर्वी आमच्या मालकांनी महिनाभर चार जणांची मते गोळा केली. पहिले म्हणाले, "काचा हादरतात!" दुसरे म्हणाले, "खालच्या मजल्यावर कळतं, आमच्याकडे पिक्चर लागलाय!" तिसऱ्यांनी वॉट सांगितले. चौथ्यांनी नुसतेच "पैसा वसूल" म्हणून डोळे मिटले. सिनेमा चांगला वाटला, गाणे गोड लागले, संवाद नीट कळले, असे चौघांपैकी एकानेही सांगितले नाही. थंडीतापाने हातपाय थरथरू लागले तर आपण डॉक्टर गाठतो. काचा थरथरल्या तर पेढे वाटतो!

आता त्या वॉटांचेच पाहा. वॉट दुप्पट झाले म्हणजे आवाज दुप्पट होतो, अशी भाबडी समजूत बहुतेक मालकांची असते. वस्तुतः शंभराचे दोनशे वॉट केले तर आवाज वाढतो तो फक्त ३ डेसिबल, म्हणजे कान देऊन ऐकाल तर जाणवेल इतका. कानाला दुप्पट वाटायला सुमारे दहापट वॉट लागतात. शिवाय हे वॉट मोजायच्याही दोन तऱ्हा. एकाच स्पीकरला, एकाच सुरावर, आवाज फाटेपर्यंत ताणून मोजले की खोक्यावर मोठा आकडा छापता येतो. सगळे स्पीकर एकदम, सर्व सुरांवर आणि आवाज न फाटता मोजले की तोच आकडा खाली येतो. या थापांना आळा घालण्यासाठी अमेरिकेच्या सरकारला १९७४ साली नियम करावा लागला. आपल्याकडे तळहाताएवढ्या डब्यांवर हजार हजार 'पीएमपीओ' वॉट छापलेले आपण सर्वांनी पाहिले आहेत. ते खरे असते तर त्या एका डब्यावर इस्त्री चालली असती.

ही मांडणी मुळात शेकडो खुर्च्यांच्या थिएटरातली. वॉल्ट डिस्ने यांनी 'फँटेशिया' या चित्रपटासाठी १९४० साली प्रेक्षकांच्या चहूबाजूंनी आवाज खेळवला, तो मोठमोठ्या नाट्यगृहांत. पेटीबरोबरच्या पुस्तिकेत कोच खोलीच्या मध्ये ठेवा आणि दोन स्पीकर बसणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना, किंचित मागे ठेवा असे लिहिले आहे. आमचा कोच भिंतीला टेकलेला. त्याच्या मागे जागा आहे ती पालीपुरती. एका बाजूला देवघर, दुसऱ्या बाजूला फ्रीज. अखेर मागचा एक स्पीकर फ्रीजवर चढला आणि पडद्यावर मागून येणारे प्रत्येक हेलिकॉप्टर आमच्याकडे फ्रीजवर उतरू लागले.

पात्रे कुजबुजू लागली की आवाज वाढवायचा आणि स्फोट झाला की धावत कमी करायचा, हे आमचे संध्याकाळचे काम झाले. पण पाहुण्यांनी विचारले की मालकांचे उत्तर ठरलेले, "अप्रतिम!" दुसरे काय सांगणार? लग्नाच्या मांडवात नवऱ्या मुलाला "बायको कशी आहे?" असे विचारले तर तो जे सांगेल तेच. हजारो रुपये मोजलेल्या माणसाला आपली चूक झाली म्हणायला जे धैर्य लागते ते खोक्यात घालून मिळत नाही. माझीही कथा निराळी नाही. पहिल्या आठवड्यात शाळेत, शिक्षकांच्या खोलीत, "अहो, काचा हादरतात!" असे मीच मोठ्या तोऱ्यात सांगितले होते.

माझे डोळे उघडले ते माघातल्या एका रविवारी. दुपारी सिनेमा लावून आम्ही बसलो होतो. वाळत घातलेले कपडे आणायला मी गच्चीवर निघाले, तर वरच्या जिन्यात शेजारच्या सिस्टर उशी घेऊन भिंतीला टेकून बसलेल्या. त्या एका रुग्णालयात रात्रपाळी करतात. सकाळी लोकलने घरी यायचे, भाकरतुकडा खायचा, दुपारी झोपायचे आणि रात्री पुन्हा कामावर हजर व्हायचे. मला पाहून त्या ओशाळल्या. म्हणाल्या, "पिक्चर संपला का, ताई?" मी विचारले, "तुम्ही सांगितलं का नाही?" त्या म्हणाल्या, "रविवार एकच असतो तुम्हा लोकांना. आणि सर एवढ्या हौसेनं सांगत होते जिन्यात. कसं बोलणार?"

वाचकहो, त्या रात्री कोणा आजाऱ्याच्या नसेत औषध भरताना सिस्टरांचा हात कापला असता, तर तो दोष कोणाचा? आमच्या 'पैसा वसूल'चे पैसे कोण भरत होते ते मला त्या जिन्यात कळले. यंत्राला मालक असतो, त्याच्या आवाजाला नसतो. पेटीची पावती आमच्या नावाची, पण आवाजाची वाटणी सगळ्या मजल्याला.

कोणी म्हणेल, त्यासाठी कायदा आहे. आहे ना! २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. खाजगी यंत्राचा आवाज आपल्या जागेच्या हद्दीवर त्याहून ५ डेसिबलपेक्षा जास्त चढता कामा नये, असेही त्यांत आहे. परंतु कायद्याची रात्र घड्याळाची, सिस्टरांची रात्र भर दुपारी. शिवाय मापाचीही गंमत आहे. हे डेसिबल मोजताना खालचे सूर कमी धरतात. ४० हर्ट्झचा घुमारा असेल तर सुमारे ३५ डेसिबल वजा! आणि सबवूफर नेमका तोच घुमारा काढतो. त्या सुराची एक लाट साडेआठ मीटर, म्हणजे जवळजवळ २८ फूट लांब. आमची बाहेरची खोली १५ फुटांची. चार इंची विटेची भिंत त्याला काय अडवणार? तो स्लॅबमधून, खांबांतून, पलंगाच्या पायातून थेट झोपलेल्याच्या छातीत शिरतो. फटाका एकदा फुटून मोकळा होतो. हा ठोकळा वर्षभर फुटत राहतो.

मग माणसाने घरात सिनेमा पाहूच नये काय? जरूर पाहावा! माझे भांडण यंत्राशी नाही. यंत्र बिचारे मालकापेक्षा शहाणे आहे. आमच्या पेटीबरोबर एक छोटा मायक्रोफोन आला होता. तो कोचावर ठेवला की पेटी प्रत्येक स्पीकरमधून सूर काढते, खोलीत तो कसा घुमतो ते ऐकते आणि स्वतःला आवरते. स्फोट दाबून कुजबुज वर आणणारी रात्रीची सोयही तिच्यात आहे. मधल्या, संवादाच्या स्पीकरचा आवाज तेवढाच वाढवता येतो. चारही मालकांनी यातले काही सांगितले नव्हते. पेटी आधी ऐकते आणि मग वाजते. आपण आधी वाजवतो आणि ऐकत मात्र कधीच नाही.

एका संध्याकाळी मी हट्टाने 'कुंकू' लावायला सांगितला. शांतारामबापूंचा हा १९३७ सालचा प्रभातचा चित्रपट. त्याला पार्श्वसंगीत नाही. घरातले, रस्त्यावरचे रोजचे आवाज तेवढे. आवाज एका वाहिनीचा, म्हणून पेटीने तो मधल्या एकाच स्पीकरमधून दिला. बाकी सारे गप्प. जरठ वकिलाच्या घरातले घड्याळ वाजू लागले आणि आमच्या घरात कोणी हूं की चूं केले नाही. काच एकही हादरली नाही. हादरायचे ते आत हादरले.

दुसऱ्या रविवारी सिनेमा चालू ठेवून मी आमच्या मालकांना सिस्टरांच्या घरी, त्यांच्या पलंगाच्या कडेला दहा मिनिटे बसवले. परत आल्यावर त्यांनी ठोकळा सामाईक भिंतीपासून दूर सरकवला, आवाज निम्म्याहून खाली आणला आणि सिस्टरांच्या पाळ्या विचारून कॅलेंडरवर लिहिल्या. आता सिनेमा त्या कामावर गेल्यानंतर, म्हणजे नऊला लागतो आणि दहाला ठोकळा बंद होतो. सिनेमा दोन रात्रींत संपतो. काही बिघडत नाही.

तेव्हा या पाडव्याला पेटी आणायचीच असेल तर खुशाल आणा. पण मत विचारायचे तर पेटीच्या मालकाला विचारू नका. त्याच्या शेजारच्या दाराची कडी वाजवा, खालच्या मजल्यावरच्या आजोबांना विचारा, दहावीला बसलेल्या पोरीला विचारा. त्यांनी चांगले म्हटले तर ती पेटी चांगली. आणि घरी आणल्यावर एकदा तरी, सिनेमा चालू असताना, भिंतीपलीकडे जाऊन बसा. जाताना फराळाचे ताट न्यायला विसरू नका.