सौजन्य म्हणजे किती रुपये?

गुडगावची कंपनी सोडून कॅमेरा उचललेल्या माणसांच्या कथा मी मराठीत आणते. साचा एकच: गलेलठ्ठ पगार, घुसमट, राजीनामा, मग हिमालय. धाडसाचं कौतुक अमाप. पुढच्या महिन्याचं भाडं कोण भरतं, याबद्दल चकार शब्द नाही.

हे धाडसपुराण मला मान्य नाही. दिल्लीची कितीतरी थोर छायाचित्रं पगारी माणसांनी काढलेली आहेत. होमाई व्यारावाला १९४२मध्ये मुंबईहून दिल्लीला आल्या, त्या ब्रिटिश इन्फर्मेशन सर्व्हिसेसच्या नोकरीसाठी. (सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापले जात; तो संताप वेगळा.) रघु राय शिक्षणानं स्थापत्य अभियंता. तो पेशा त्यांनी सोडला खरा, पण १९६६मध्ये ‘द स्टेट्समन’मध्ये मुख्य छायाचित्रकार म्हणून रुजू झाले. उडी होतीच, खाली जमीनही होती.

आता जमीन काढून घ्यायची आणि उडीला टाळ्या वाजवायच्या, असं चाललं आहे. संपादक फोटो मागतात, खाली ‘सौजन्य’ छापतात. आम्हा अनुवादकांनाही हा शब्द चांगला ठाऊक आहे: सज्जनपणाचं बिल लावता येत नाही. आणि जिच्या डोक्यावर घराचे हप्ते आहेत, धाकट्या भावाची फी आहे, ती राजीनामा देत नाही, तेव्हा तिला ध्यासच नव्हता असं आपण बिनदिक्कत म्हणून मोकळे होतो.

राजीनाम्याची कथा मागवण्याआधी संपादकांनी एका फोटोचा दर जाहीर करावा. अनुवादाचाही. सुरुवात याच अंकापासून केली तरी चालेल.