पडद्याआडचं यंत्र

मागच्या रमजानमध्ये तरावीह आटोपून घरी आलो, तर फोनवर मेसेज आलेला. अमुक टोलनाक्यावर तुमच्या फास्टॅगमधून १०५ रुपये वजा. गाडी तर खाली उभी होती. चार दिवसांत तिला कुणी चावी लावली नव्हती, कबुतरांनी बोनेटवर केलेली घाणही तशीच होती. नाका आमच्या घरापासून पावणेदोनशे किलोमीटर दूर. सकाळी नाक्याला फोन केला. "आम्ही काही करत नाही साहेब, मशीन वाचतं. बँकेला विचारा." बँकेतली मुलगी नम्रपणे म्हणाली, "सर, व्यवहार नाक्यावरून आलाय, तिकडे विचारा." तेवीस दिवसांनी पैसे परत मिळाले. त्यासाठी दोन अर्ज आणि गाडीचे फोटो द्यावे लागले. गाडी घरी होती हे मला सिद्ध करावं लागलं. ती नाक्यावर होती हे मात्र कुणालाच सिद्ध करावं लागलं नाही.

१०५ रुपयांसाठी एवढं रडगाणं कशाला, असं कुणी म्हणेल. रुपयांचं सोडा. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला, रांगा कमी झाल्या, हे मलाही मान्य आहे. सुट्ट्या पैशांवरून होणारी हुज्जत मला परत नकोय. पण नाक्यावर पूर्वी एक खिडकी होती, खिडकीत माणूस होता आणि त्याच्या हातात पावतीपुस्तक होतं. खिडकी गेली तेव्हा हुज्जत घालायची जागाही गेली. माझं म्हणणं या जागेबद्दल आहे.

तंत्रज्ञानाच्या जगात सध्या या खिडकी काढण्याचं फार कौतुक आहे. बटण नको, स्क्रीन नको, विचारणं नको. यंत्रानं आपलं आपण ओळखावं आणि काम उरकावं. गोल्डन कृष्ण या डिझायनरनं २०१५ साली यावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्याचा त्रागा समजण्यासारखा आहे. गाडीचं दार उघडायला आधी फोन उघडा, मग अ‍ॅप शोधा, मग डझनभर पायऱ्या चढा. त्यापेक्षा खिशात किल्ली असताना दाराला हात लावला की ते उघडावं, हे बरंच. या विचाराचं मूळ त्याहून जुनं आहे. झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेतल्या मार्क वायझरनं १९९१ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिलं होतं की, संगणक रोजच्या जगण्यात इतका मिसळावा की तो वेगळा दिसूच नये. त्याच लेखात त्यानं धोक्याचाही इशारा दिला होता. खोलीखोलीत संगणक असतील आणि ते एकमेकांशी बोलत असतील, तर त्यातून आजवर न पाहिलेली हुकूमशाही उभी राहू शकते. लेखाचा पहिला भाग त्याच्या शिष्यांनी पाठ केला, दुसरा सोयीस्करपणे गाळला.

आता गंमत पाहा. 'पडदा' या एका शब्दावरून आमच्या समाजाला किती व्याख्यानं ऐकावी लागली! आणि आज जगातले हुशार इंजिनिअर यंत्रालाच पडद्यात बसवत आहेत. ते आतून आपल्याला पाहतं, आपल्याला मात्र ते दिसत नाही. या पडद्यावर कुणी परिसंवाद घेत नाही.

न दिसणारी गोष्ट वाईटच असते, असं मी म्हणत नाही. अजानला कुठे स्क्रीन लागते? कामात हात गुंतलेले असतात, कानावर आवाज येतो आणि वेळ कळते. पण अजान कुठल्या मशिदीतून आली, कोण देतंय, कशासाठी देतंय, हे सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक असतं. मुअज्जिनची वेळ दोन मिनिटांनी चुकली तर जोहरनंतर चार बुजुर्ग त्याला गाठतात. अजान बोलावते. कोण आलं आणि कोण नाही, याची यादी ती कुणाला विकत नाही.

यादी विकली गेली ती दुसरीकडे. 'मुस्लिम प्रो' हे अ‍ॅप आपल्यातल्या अनेकांच्या फोनमध्ये होतं, आजही असेल. नमाजच्या वेळा आणि किब्ल्याची दिशा सांगणारं. त्यासाठी आपण कुठे आहोत हे त्याला कळावं लागतं, म्हणून आपण बिनदिक्कत परवानगी दिली. नोव्हेंबर २०२० मध्ये 'मदरबोर्ड'च्या पत्रकारांनी उघड केलं की हा ठावठिकाणा 'एक्स-मोड' नावाच्या कंपनीकडे जात होता आणि तिच्या गिऱ्हाइकांत अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार होते. बातमी आल्यावर अ‍ॅपवाल्यांनी संबंध तोडले. पुढे जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं त्या कंपनीच्या वारसदारावर संवेदनशील ठिकाणांची माहिती विकण्याची बंदी घातली. पण ही देवघेव चालू होती तेव्हा फोनवर काय दिसत होतं? काबाकडे वळणारी एक सुई. बाकी सगळं पडद्याआड.

"तुम्ही परवानगी दिली होती ना?" हा यावरचा ठरलेला सवाल. परवानगी म्हणजे काय, हे आपल्याला निकाहनं शिकवलंय. इजाब आणि कबूल, दोन्ही बाजूंनी, साक्षीदारांसमोर. कुणी म्हणेल, फिक्हमध्ये कुमारी मुलीचं मौनही संमती धरतात. धरतात, पण तिला विचारल्यानंतरचं मौन. तिला विचारलंच नाही आणि ती गप्प होती म्हणून निकाह लावला, तर त्याला कुठला काजी निकाह म्हणेल? आजचं अदृश्य तंत्रज्ञान नेमकं हेच करतंय. विचारण्याची जागाच काढून टाकायची आणि मग आपल्या गप्प असण्याला होकार समजायचं. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, हे सांगणारी सूरह बकरातली आयत कुरआनातली सर्वात लांब आयत आहे. लेखी हिशेबाला दीनमध्ये एवढं मोल आहे आणि इथे पावतीला अडथळा म्हणतात.

टोलमध्ये पैसे तरी परत मिळतात. चेहऱ्याचं काय? दिल्लीच्या दंगलीनंतर मार्च २०२० मध्ये गृहमंत्र्यांनी लोकसभेत सांगितलं की चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरनं अकराशेहून अधिक लोक ओळखले आणि त्यासाठी मतदार ओळखपत्र व वाहन परवान्याची माहिती वापरली. म्हणजे मत देण्यासाठी काढलेला फोटो चौकशीला गेला आणि फोटोतल्या माणसाला कुणी विचारलं नाही. पुढे माहितीच्या अधिकारात दिल्ली पोलिसांनी सांगितलं की ८० टक्क्यांवर साम्य असेल तर ते ओळख पटली असं धरतात. उरलेल्या २० टक्क्यांत कुणाचा मुलगा असेल, याचा विचार ज्याच्या मोहल्ल्यात रात्री पोलिसांची गाडी येते तोच करतो.

या यंत्रात बटण नाही, म्हणून 'नको' म्हणायचं बटणही नाही. हैदराबादचे कार्यकर्ते एस. क्यू. मसूद यांना मे २०२१ मध्ये पोलिसांनी रस्त्यात अडवून मास्क काढायला सांगितलं. त्यांनी नकार दिला, तरी फोटो काढला गेला. हा फोटो कशाला आणि कुठल्या कायद्यानं, हे विचारत ते तेलंगणा उच्च न्यायालयात गेले. एका माणसाला साधा प्रश्न विचारायला न्यायालय गाठावं लागलं, कारण खिडकीच नव्हती.

ज्याच्यावर कुणाला संशय नाही, त्याच्यासाठी अदृश्य यंत्र म्हणजे आपोआप उघडणारं दार. ज्याच्या नावावरून घर भाड्यानं मिळत नाही, त्याच्यासाठी तेच दार आपोआप बंद होतं. का बंद झालं, हे सांगायला तिथे कुणी नसतं. घरमालक निदान तोंडावर नाही म्हणतो.

दोष फक्त बाहेरच्यांचा नाही. आपणही अ‍ॅप उतरवताना बिस्मिल्लाह म्हणतो आणि न वाचता सगळ्याला 'अलाऊ' करतो. मशिदीच्या दारावर कॅमेरे लागतात, ते चित्रण कोण पाहतं, किती दिवस राहतं, हे जुम्याच्या गर्दीतला एक माणूस विचारत नाही. दुसऱ्यांकडून हिशेब मागायचा तर घरातल्या कमिटीपासून सुरुवात करावी लागेल.

मागणं फार नाही. यंत्र काम करत असेल तेव्हा ते करतंय हे कळलं पाहिजे. त्यानं काही घेतलं, मग ते पैसे असोत, ठावठिकाणा असो की चेहरा, तर त्याची पावती मिळाली पाहिजे. आणि चूक झाली तर जिथे माणूस बसलाय अशी एक खिडकी हवी. हे तिन्ही द्या आणि मग स्क्रीन खुशाल काढा.

त्या रात्री माझे १०५ रुपये गेले हे मला कशामुळे कळलं? फोनवर आलेल्या दोन ओळींमुळे. यंत्र याहून चतुर झालं आणि 'तुम्हाला त्रास नको' म्हणून त्या दोन ओळीही बंद झाल्या, तर गाडी खाली उभी राहील, पैसे जात राहतील आणि मी तरावीहहून येऊन निवांत झोपेन.