थवा टाकीत, ओढा रिकामा

बेळ्ळंदूर तलावावर विषारी फेस दाटतो. २०१८च्या जानेवारीत तर तेथे आग भडकली होती. काठावरच्या सदनिकांतील काचेच्या टाक्यांत मात्र पाणी नितळ असते. त्यात लाल पट्ट्याचा ‘मिस केरळ’ पोहत असेल, तर तो कोठून आला हे विचारायलाच हवे. हा मासा मूळचा केरळ-कर्नाटकातील सह्याद्रीच्या ओढ्यांचाच. २०१३ साली त्याच्या प्रजातीला ‘सह्याद्रिया’ असे नावही मिळाले. आज तो जागतिक लाल यादीत आहे. थव्याने राहणारा हा मासा एकटा बुजतो, म्हणून किमान सहा ठेवावेत असे जाणकार सांगतात. सल्ला रास्तच, पण मासे ओढ्यातून पकडलेले असतील, तर एकेका टाकीसाठी सहा मासे ओढ्यातून उणे होतात. त्याची कृत्रिम पैदास साधलेली आहे. विक्रेत्याला माशाचे मूळ सांगता येत नसेल, तर खरेदी टाळावी.