शाळेला सुट्टी, आईला हंगाम

उन्हाळ्याची सुट्टी लागली की व्यवसाय करणाऱ्या आयांसाठी सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. पहाटे उठा, वेळापत्रक आखा, मुलांना छंदवर्गात घाला. मी रत्नागिरीत घरच्या घरी आंबापोळी, फणसपोळी आणि कोकमाचं आगळ तयार करून विकते. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सात वर्षांचा, नवरा कुवेतला. या सल्ल्यांत एक साधी गोष्ट कधीच नसते: आमच्या जिल्ह्यात मुलांची सुट्टी आणि आमच्या धंद्याचा हंगाम एकाच महिन्यात येतात.

आंबा काही थांबत नाही. रस काढायचा, आटवायचा, ताटांत पातळ पसरायचा, कडक उन्हात वाळवायचा, पहिला थर सुकला की त्यावर दुसरा. तोवर फणस पिकतात, रतांबे लाल होतात. हे सगळं पावसाआधी संपवायचं. २०२५ मध्ये तर मोसमी पाऊस २५ मे रोजीच तळकोकणात पोचला होता. आभाळ भरून आलं की दहा मिनिटांत सगळी ताटं आत घ्यावी लागतात, त्या वेळी मूल रडतंय की भांडतंय हे बघायला सवड नसते. उकळता रस उडतो तो थेट अंगावर, म्हणून चुलीजवळ मुलांना फिरकू देता येत नाही. वर्षभराच्या कमाईतला निम्म्याहून मोठा वाटा मला या सहा-सात आठवड्यांत मिळवायचा असतो.

त्यातच मे महिन्यात मुंबईहून नणंदा, जावा, त्यांची मुलं येतात. यावीतच, हे त्यांचं घर आहे. लग्नंही याच दिवसांत असतात. घरातली दोन मुलं सात होतात आणि जेवणाच्या पंगती दुप्पट.

मग मुलांना सांभाळतं कोण? घरातली थोरली मुलगी. मी हे घरोघर बघते. माझ्याकडे कामाला येणाऱ्या दोघींपैकी एकीची दहा वर्षांची लेक धाकट्या भावाला कडेवर घेऊन आईसोबत येते. तिच्याच वयाचे मुलगे दिवसभर मैदानात क्रिकेट खेळतात. बालमजुरी कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीनं शाळेनंतर किंवा सुट्टीत घरच्या, धोकादायक नसलेल्या कामात मदत करायला मुलांना मुभा दिली. कोयी वेगळ्या कराव्यात, डब्यांना लेबल लावावीत, याला माझी हरकत नाही. हाताला काम शिकावं, मुलांनीही आणि मुलींनीही. पण भावंडांना सांभाळणं हे आपण कामात मोजतच नाही. आईचा व्यवसाय मुलीच्या सुट्टीवर उभा राहत असेल, तर त्याला स्त्रीचं सक्षमीकरण कसं म्हणायचं?

कायदा आणि योजना इथे फारशा कामी येत नाहीत. १९४८ च्या कारखाने कायद्यानं तीसपेक्षा जास्त स्त्रिया कामाला असतील तिथे पाळणाघराची अट घातली. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीनं पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना ती लावली. माझ्या पडवीत आम्ही तिघी. केंद्र सरकारची ‘पाळणा’ योजना आहे, पण ती सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. त्यापुढच्या मुलांचं काय? त्यांना शाळा सांभाळते. खरं बोलायचं तर सहा ते बारा वयाच्या मुलांचं पाळणाघर म्हणजे शाळाच, आणि आमच्याकडे ते ऐन हंगामात बंद होतं. शिक्षकांनाही सुट्टी हवी आणि मुलांनाही, त्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न त्या रिकाम्या जागेचा आहे.

२०२० पासून सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची योजना आहे. पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त दहा लाख रुपये अनुदान मिळतं. रस काढायचं यंत्र घ्या, पॅकिंगचं यंत्र घ्या. पण मला मे महिन्यात यंत्रापेक्षा आधी हवी असते ती मुलांकडे लक्ष देणारी एक मोठी व्यक्ती. तिचा पगार कुठल्याच प्रकल्प अहवालात बसत नाही.

‘आमच्या आयांनी नाही का केलं?’ असं कुणी विचारेल. केलं, पण तेव्हा एका अंगणात दादी, चाची, फुफी असायच्या. आता अर्धं अंगण मुंबईला आणि अर्धं आखातात गेलं. २०२४ च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणारी स्त्री त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देते आणि घरकाम करणारा पुरुष ८८. आपल्या समाजात स्त्रीच्या व्यापाराचा विषय निघाला की हजरत खदीजांचा दाखला अभिमानानं दिला जातो. पैगंबर घरी असताना घरच्यांच्या कामात हातभार लावत, हे हजरत आयेशांनी सांगितलेलंही आपल्याला ठाऊक आहे. पहिला दाखला भाषणात येतो, दुसरा मात्र स्वयंपाकघरापर्यंत पोचत नाही.

उपाय फार मोठा नाही. सुट्टीत शाळेचं दार उघडता येतं, याला आधार आहे. सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये दुष्काळी भागांत उन्हाळी सुट्टीतही मध्यान्ह भोजन द्यायला सांगितलं होतं. त्याही आधी, १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच मुलांच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली. मुलाच्या घरची परिस्थिती बघून त्यांनी शाळेची जागा आणि वेळ ठरवली.

आमच्या मोहल्ल्यात जमातीचं सभागृह आहे. लग्न नसेल तेव्हा ते सकाळभर रिकामं असतं. गावोगाव जिल्हा परिषदेच्या शाळांच्या खोल्या आहेत. शहरात १८२८ पासूनचं नगर वाचनालय आहे, तिथली पुस्तकं मुलांपर्यंत नेता येतील. शाळा बंद झाल्यापासून पाऊस पडेपर्यंत, सकाळी नऊ ते एक, सहा ते बारा वयाची मुलं, सगळ्या जातीधर्मांची. वर्ग नकोत, परीक्षा नकोत. खेळू दे, भांडू दे, झाडावर चढू दे. फक्त हाकेच्या अंतरावर कुणी मोठं माणूस असावं, कारण गावात विहिरी आहेत, समुद्र आहे आणि रस्त्यावर भरधाव गाड्या आहेत.

हे काम करणाऱ्या ताईंना मात्र पगार द्यावा लागेल. एका बाईची सोय दुसऱ्या बाईच्या फुकट श्रमावर नको. थोडे पैसे आम्ही आया देऊ, थोडे जमातीनं द्यावेत, थोडे पंचायतीच्या महिला व बालकल्याण निधीतून यावेत. त्या निधीचा पुढचा आराखडा ठरताना बचत गटांनी ही मागणी लेखी द्यावी. सुट्टीवर आलेल्या बापांनी, मामांनी, चाचांनी आठवड्यातली एक सकाळ तिथे द्यावी.

मला वेळापत्रकाचा सल्ला नको. मला सकाळचे चार तास हवे आहेत, आणि माझ्या मुलीला तिची सुट्टी.