‘वय झालं होतं’ हे मरणाचं कारण नव्हे

साठी ओलांडलेली बाई गेली की घरचे-दारचे एकच वाक्य बोलतात, “वय झालं होतं, सुटली बिचारी.” त्याच वयाचा पुरुष गेला तर “हार्ट ॲटॅकनं गेले” असे सांगतात. त्याला रोग असतो, तिला नुसते वय. माझे भांडण या वाक्याशी आहे.

२०२० साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण लिहून दिलेले मृत्यू होते फक्त २२.५ टक्के. त्यांतले ३२.१ टक्के हृदय व रक्ताभिसरणाच्या विकारांचे. बाकीच्यांचे कारण कोणते? घरातच, अंथरुणात गेलेल्या म्हाताऱ्या बाईचे मरण कोण तपासणार?

ही बेफिकिरी घरातलीच नाही, शास्त्रातलीही आहे. ॲस्पिरिनने हृदयविकाराचा झटका टळतो का, हे पाहणाऱ्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९८९ मध्ये आले. त्यात २२,०७१ डॉक्टर होते आणि एकूण एक पुरुष! १९९१ मध्ये तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पहिल्या स्त्री संचालक डॉ. बर्नाडिन हीली यांनी हे उघड मांडले, की आपला हृदयरोग पुरुषासारखाच आहे हे बाईने सिद्ध करावे, तेव्हा कुठे तिला पुरुषासारखे उपचार मिळतात. स्त्रियांना अशा सरकारी संशोधनात घ्यायला १९९३ मध्ये कायदा करावा लागला.

पाळी गेल्यानंतर बाईचा हृदयरोगाचा धोका वाढत जातो. पुरुषापेक्षा साधारण सात ते दहा वर्षे उशिरा तो तिला गाठतो, म्हणजे नेमका तिच्याकडे कुणाचे लक्ष नसते तेव्हा. छातीत तिच्याही दुखते. पण त्यासोबत धाप, मळमळ, पाठीत-जबड्यात कळ, न उतरणारा थकवा हेही बायांमध्ये अधिक दिसते. घर म्हणते, “पित्त झालंय, ओवा खा.” दवाखाना म्हणतो, “टेन्शन घेऊ नका, आजी.” जन्मभर चुलीपुढे गिळलेला धूर हृदयालाही जाळतो, हे तिला कुणी सांगत नाही.

वस्तीत मी रक्तदाब मोजायला बसते तेव्हा बाया नवऱ्याला पुढे करतात. “माझं मेलीचं काय मोजता?” नवऱ्याची गोळी त्या एक दिवस चुकू देत नाहीत, स्वतःची संपली की “पुढच्या महिन्यात बघू.” याला कुणी त्याग म्हणो, मी याला लादलेली सवय म्हणते. सगळ्यांनंतर जेवायला शिकवलेली बाई औषधही सगळ्यांनंतरच घेणार!

सरकारची नजरही तीच. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बायांचा रक्तदाब मोजला, तो १५ ते ४९ वयापर्यंतच. मूल होण्याचे वय सरले की बाई वहीतून बाद! २०१९-२१ च्या पाहणीत ही वरची मर्यादा उठली. महात्मा फुले योजनेतून अँजिओप्लास्टी होते, पण ती रोगाने गाठल्यावर. रोगाला आधीच अडवणारी रक्तदाबाची साधी गोळी उपकेंद्रात न खंडता मिळते का, हे कोण बघते?

मैत्रिणींनो, नेट-एन इंजेक्शनाविरुद्ध १९८६ मध्ये आपण सर्वोच्च न्यायालयात गेलो. गर्भजलपरीक्षेविरुद्धच्या लढ्यातून १९८८ मध्ये महाराष्ट्रात कायदा आला. गर्भाशयावरचा आपला हक्क आपण भांडून मिळवला. त्याच बाईला हृदयही आहे आणि तिचे वय आता साठ-सत्तर आहे. १९८६ साली मोर्च्यात पुढे चालणाऱ्या आपल्यातल्या कितीजणी आज जिना चढताना मध्येच थांबतात, ते बघा!

म्हणून प्रत्येक गटाने हे हाती घ्यावे. बैठकीत चाळिशीपुढच्या प्रत्येकीचा रक्तदाब व साखर मोजायची. उपकेंद्रात गोळ्या नसतील तर ग्रामसभेत जाब विचारायचा. आणि बाई गेली की मरणाचे कारण लिहून मागायचे. जिचे मरण मोजले जात नाही, तिचे जगणे तरी कोण मोजणार?